आगीशिवाय अग्निबाण

मुलांनो, १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस. २०१५ पासून महाराष्ट्रात तो ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. त्या दिवशी आपल्या उर्दू शाळांतून मोठ्या उत्साहाने भाषणे होतात. एखादी मुलगी रामेश्वरमच्या त्या मुलाची गोष्ट सांगते. एखादा मुलगा टिपू सुलतानच्या रॉकेटांचे वर्णन करतो. टाळ्या पडतात, बक्षिसे वाटली जातात. मला ही भाषणे ऐकायला आवडतात. पण भाषण संपले की मी वक्त्याला एक साधा प्रश्न विचारतो. दिवाळीतल्या रॉकेटला ती लांब काडी कशासाठी लावलेली असते?

बहुतेक वेळा उत्तर येते, “सर, बाटलीत उभे करता यावे म्हणून.”

हे उत्तर बरोबर नाही. बाटलीत उभे करणे हा काडीचा जाताजाता होणारा उपयोग आहे. तिचे खरे काम रॉकेट हवेत गेल्यावर सुरू होते. काडी असते म्हणून रॉकेटचे तोंड वरच्या दिशेला राहते. काडी मोडलेले रॉकेट कोलांट्या खाते आणि कोणाच्याही अंगावर जाते. टिपूच्या सैन्याच्या रॉकेटांनाही लांब बांबू बांधलेला असे, तो याच कामासाठी. ज्या मुलाने टिपूवर पाच मिनिटे न अडखळता भाषण केले, त्याला हे माहीत नव्हते. यात त्याचा काही दोष नाही. त्याने रॉकेट कधी हातात धरून पाहिलेलेच नव्हते. आपण त्याला फक्त नावे दिली.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे, की शाळा सोडण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने आणि प्रत्येक विद्यार्थिनीने निदान एक कागदी रॉकेट स्वतःच्या हाताने बनवावे, उडवावे आणि त्याची उंची मोजावी. आणि त्या रॉकेटात आगीची एक ठिणगीही नसावी.

या दुसऱ्या अटीवर मुले नाराज होतात. “आग नाही तर मग ते रॉकेट कसले?” असे विचारतात. मराठीत तर रॉकेटला अग्निबाण म्हणतात. अग्नी काढून घेतला तर नुसता बाण उरतो! पण आपल्या उर्दूत शोभेच्या रॉकेटला काय म्हणतात ते आठवा. हवाई. आगीचे नावही नाही, फक्त हवा. घाबरलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर ‘हवाइयाँ’ उडतात त्या याच. मी जे रॉकेट सांगणार आहे, ते हवेच्या जोरावर उडते. तेव्हा ‘हवाई’ हे नाव त्याला अगदी शोभते. इंग्रजी ‘रॉकेट’ हा शब्द इटालियन भाषेतून आला आणि तेथे त्याचा अर्थ सूत गुंडाळण्याची लहान रीळ असा होता. मालेगाव-भिवंडीच्या मुलांना रीळ आणि कांडी म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही. म्हणजे मूळ शब्दातही आग नाही. तेथे आहे ती एक गुंडाळलेली नळी.

आता आगीबद्दल बोलू. फटाक्यांतली दारू काढून ती नळीत भरायची, काड्यापेटीच्या काड्यांचे गूल खरवडून साठवायचे, असे उद्योग दिवाळीत, शब-ए-बरातला किंवा लग्नाच्या वरातीनंतर काही मुले करतात. त्यात बोटे जातात, डोळे जातात. परवान्याशिवाय स्फोटके बनवणे हा आपल्या देशात गुन्हाही आहे. १८८४ चा स्फोटके कायदा त्यासाठीच आहे. पण मला येथे कायद्यापेक्षा इतिहास सांगायचा आहे, कारण तुमच्यासारख्याच मुलांच्या बाबतीत हे सर्व एकदा घडून गेले आहे.

फार पूर्वी चीनमध्ये रॉकेटची नळी कागदाची किंवा बांबूची असे. अठराव्या शतकात म्हैसूरच्या हैदरअली आणि टिपू सुलतान यांच्या कारागिरांनी ती लोखंडाची केली. लोखंडी नळीत दारू अधिक दाबून भरता येते, आतला दाब वाढला तरी नळी फुटत नाही आणि रॉकेट दूरवर जाते. १७८० साली पोल्लिलूरच्या लढाईत इंग्रजांनी त्याचा तडाखा अनुभवला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर ही रॉकेटे इंग्लंडला नेण्यात आली आणि विल्यम काँग्रीव्हने त्यांचा अभ्यास करून आपली रॉकेटे बनवली. २०१८ साली कर्नाटकात शिवमोगा जिल्ह्यातल्या एका जुन्या विहिरीत अशी हजाराहून अधिक रॉकेटे सापडली. अमेरिकेत वॉलॉप्स येथील केंद्रात एका चित्रात टिपूचे सैनिक रॉकेट सोडताना आपण पाहिले, असे कलामसाहेबांनी ‘अग्निपंख’ या आत्मचरित्रात लिहिले आहे. हे सर्व तुम्ही भाषणात सांगता. चांगले आहे. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. लोखंड आले ते युद्धासाठी आले.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला आणि अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना रॉकेटचे वेड लागले. त्यांनी काय केले? लोखंडी नळ्या घेतल्या आणि त्यांत घरी बनवलेली दारू ठासली. अशी नळी फुटली की तिचे तुकडे बंदुकीच्या गोळीसारखे उडतात. कित्येक मुले जखमी झाली, काहींनी जीव गमावला.

याच काळात नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक गावी ऑर्व्हिल कार्लाइल नावाचे एक गृहस्थ होते. त्यांचे बुटांचे दुकान होते आणि त्यांना शोभेच्या दारूची चांगली माहिती होती. त्यांच्या भावाला रॉकेटचे तत्त्व समजावून देण्यासाठी एक नमुना हवा होता. म्हणून १९५४ च्या सुमारास त्यांनी एक लहान रॉकेट बनवले. त्याची नळी कागदाची होती. दारू हाताने भरायची नव्हती, तयार इंजिन बसवायचे होते. पुढे हॅरी स्टाइन नावाच्या रॉकेट-तंत्रज्ञाने मुलांच्या या अपघातांवर लेख लिहिला. तो वाचून कार्लाइल यांनी त्यांना पत्र लिहिले आणि आपले नमुने पाठवले. दोघांनी मिळून या छंदाला नियम घालून दिले. त्यांतला एक महत्त्वाचा नियम असा, की रॉकेटच्या शरीरात धातू वापरायचा नाही. कागद, हलके लाकूड, रबर, प्लॅस्टिक एवढेच चालेल. तेव्हा ‘कागदाचे आहे म्हणजे पोरखेळ आहे’ असे समजू नका. एका जाणत्या माणसाने विचार करून लोखंडाच्या जागी कागद पुन्हा आणला, तो मुलांचे हातपाय शाबूत राहावेत म्हणून.

आपण आणखी एक पाऊल पुढे जाऊ आणि इंजिनही काढून टाकू. त्याच्या जागी शीतपेयाची दोन लिटरची रिकामी बाटली घ्या. तिच्या तोंडाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बसवा. ट्यूबच्या दुसऱ्या टोकात पाण्याचा अर्धा इंची प्लॅस्टिकचा पाईप घाला आणि दोन्ही जोड रबराच्या पट्टीने घट्ट बांधा. पाईपला एल्बो जोडून त्याचे तोंड वर करा आणि तो विटांमध्ये किंवा वाळूच्या बादलीत पक्का उभा करा. बाटली जमिनीवर आडवी ठेवा. पाईपवर कागदी रॉकेट घाला आणि बाटलीवर जोराने पाय मारा. बाटलीतली हवा पाईपातून सुटते आणि रॉकेट वर जाते. चेपलेली बाटली पुन्हा फुगवायची असेल तर पाईपच्या तोंडाशी मूठ धरून मुठीतून फुंका. तोंड थेट पाईपला लावू नका, कारण सगळा वर्ग तेच करणार असतो!

चिकित्सक विद्यार्थी येथे हरकत घेतात, आणि ती मला मान्य आहे. खरे रॉकेट आपले इंधन बरोबर घेऊन जाते आणि वाटेत वायू मागे फेकत राहते. फुगवून सोडलेला फुगा या अर्थाने खरे रॉकेट आहे. आपल्या कागदी रॉकेटला मात्र पाईपवर असेपर्यंतच धक्का मिळतो. म्हणजे ते फुंकनळीतल्या बाणाचे भाऊबंद झाले. असेना! न्यूटनचा तिसरा नियम फुग्यावर शिकू. पाईप सोडल्यानंतर हवेतून सरळ कसे जायचे, हा प्रश्न श्रीहरिकोट्याहून उडणाऱ्या रॉकेटपुढे असतो तसाच आपल्या कागदी नळीपुढेही असतो. मला तो प्रश्न जास्त मोलाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर पाठ करता येत नाही.

नळी बनवणे सोपे आहे. वहीच्या आकाराचा कागद पाईपभोवती गुंडाळा आणि चिकटपट्टी लावा. फार घट्ट गुंडाळलात तर रॉकेट पाईपवरून निघणार नाही, फार सैल झाले तर हवा बाजूने निसटेल. आधी पाईपवर कागदाचा एक वेढा द्या, त्यावर रॉकेटची नळी गुंडाळा आणि मग आतला वेढा काढून घ्या. नळी बेताची सैल होते. वरचे तोंड मात्र पूर्ण बंद हवे. तेथे फट राहिली की ‘फुस्स’ असा आवाज येतो आणि सगळे हसतात.

खरी गंमत पंखांपाशी सुरू होते. बहुतेक मुले पंख मोठे करतात, जाड पुठ्ठ्याचे करतात आणि कोणी ते मध्यभागी लावतात, कारण चित्रातल्या विमानाला पंख तेथे असतात. असे रॉकेट वर जाऊन लगेच आडवे होते आणि गटांगळ्या खात पडते. असे का होते? भूगोलाच्या पुस्तकातला वातकुक्कुट आठवा. त्याची शेपटी रुंद असते. वारा शेपटीला मागे ढकलतो, म्हणून कोंबड्याचे तोंड वाऱ्याकडे वळते. रॉकेटचे तसेच आहे. वर जाताना समोरून हवा येते. रॉकेट जरा तिरपे झाले की ही हवा शेपटीच्या पंखांवर आदळते आणि शेपटीला पुन्हा मागे नेते, तोंड सरळ होते. यासाठी पंख शेपटीलाच हवेत. आणि वजन? ते तोंडाकडे हवे. जाड पुठ्ठ्याचे पंख शेपटीला लावले तर शेपटी जड होते आणि पंखांचा फायदा तेथेच बुडतो. जुन्या लग्नपत्रिकेचा पातळ कागद पंखांना उत्तम. तीन पंख पुरतात, फक्त त्यांच्यामधले अंतर सारखे ठेवा. तोंडात कागदाचा लहान बोळा किंवा चिमूटभर चिकणमाती घाला.

सूतगिरणीतून सुताबरोबर येणारे कागदी कोन रॉकेटचे टोक म्हणून लावायचा मोह यंत्रमागांच्या गावात हमखास होतो. दिसायला ते हुबेहूब असतात. पण ए-४ आकाराचा साधा कागद सुमारे ५ ग्रॅमचा असतो आणि तो जाड कोन त्याच्या कितीतरी पट जड. बाटलीभर हवेला तो ओझे पेलवत नाही. वजन पुढे हवे हे खरे, पण ते थोडेच हवे.

उडवण्याआधी रॉकेट स्थिर राहील की नाही हे ओळखता येते. रॉकेट बोटावर आडवे ठेवा आणि ते जेथे तोलून राहते तेथे खूण करा. हा त्याचा गुरुत्वमध्य. मग त्या रॉकेटची बाजूने दिसणारी आकृती, पंखांसकट, पुठ्ठ्यावर काढून कापा. हा पुठ्ठा पट्टीच्या कडेवर तोलून दुसरी खूण करा. हवेचा दाब साधारण या दुसऱ्या जागी पडतो. पहिली खूण दुसरीच्या पुढे, म्हणजे तोंडाकडे, निदान नळीच्या जाडीइतकी तरी असली पाहिजे. नसेल तर तोंडात वजन वाढवा किंवा पंख थोडे मोठे करा. आणखी एक परीक्षा आहे. पहिल्या खुणेवर दोरा बांधून रॉकेट डोक्याभोवती गोल फिरवा. ते तोंड पुढे करून फिरले तर उडण्यालायक आहे. उलटे किंवा आडवे फिरले तर परत बाकावर.

एका वेळी एकच बदल करा. पंख आणि वजन दोन्ही एकदम बदलले आणि रॉकेट उंच गेले, तर ते कशामुळे गेले हे कळणार नाही. मुलांना हे सर्वांत कठीण जाते.

उंची मोजायला दहावीची त्रिकोणमिती लागते. ‘हे गणित आयुष्यात कोठे उपयोगी पडते?’ असे विचारणाऱ्यांसाठी मी हा धडा राखून ठेवतो. कंपासपेटीतला कोनमापक घ्या. त्याच्या मध्यबिंदूला दोरा बांधून दोऱ्याला खोडरबर लटकवा. पाईपपासून २० मीटर दूर उभे राहा. कोनमापकाच्या सरळ कडेवरून, रॉकेट सर्वांत उंच असेल त्या क्षणी, त्याच्याकडे नेम धरा आणि दोरा दाबून धरा. दोरा ६० वर असेल तर ९० मधून ६० वजा करा, कोन ३० अंशांचा. ३० अंशांचा टॅन सुमारे ०.५७७. त्याला २० ने गुणले की साडेअकरा मीटर येतात. त्यात तुमच्या डोळ्यांची जमिनीपासूनची उंची, समजा १.४ मीटर, मिळवा. झाले सुमारे १३ मीटर.

१३ मीटर ही उंची कमी वाटते का? १६ मार्च १९२६ रोजी अमेरिकेत रॉबर्ट गोडार्ड यांनी द्रवरूप इंधनाचे जगातले पहिले रॉकेट उडवले. ते अडीच सेकंद हवेत होते आणि १२.५ मीटर उंच गेले. त्यापूर्वी, १९२० मध्ये, न्यूयॉर्कच्या एका प्रसिद्ध वृत्तपत्राने अग्रलेखात त्यांची थट्टा केली होती. पोकळीत रॉकेट चालणार नाही, कारण त्याला ढकलायला तेथे हवाच नाही, असा संपादकांचा समज होता. त्या वृत्तपत्राने चूक दुरुस्त केली १७ जुलै १९६९ रोजी, अपोलो-११ चंद्राकडे निघाल्यानंतर! आपल्या देशाची सुरुवातही लहानच होती. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातल्या थुंबा येथून पहिले रॉकेट उडाले. ते अमेरिकेतून आणलेले होते आणि तेथल्या चर्चच्या इमारतीत कचेरी होती. १९६७ साली आपले स्वतःचे पहिले रोहिणी रॉकेट उडाले. त्याची जाडी किती? ७५ मिलिमीटर. घरातल्या पाणी पिण्याच्या पेल्याएवढी.

पालकांची एक तक्रार असते. “सर, परीक्षा तोंडावर आली आहे आणि तुम्ही मुलांना खेळवता.” यात बाटली आणि ट्यूब भंगारातली असते, पाईप आणि एल्बोला फारसा खर्च नाही आणि दोन तासिका पुरतात. त्या दोन तासिकांत गुरुत्वमध्य, हवेचा दाब आणि त्रिकोणमिती यांची उजळणी होते, म्हणून मी या तक्रारीची फार चिंता करत नाही. मला चिंता वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. जेथे जेथे हा उपक्रम पाहिला, तेथे मुली कागद कापत होत्या, रंगीत पट्ट्या चिकटवत होत्या आणि बाटलीवर पाय मुलगे मारत होते. कोनमापकही मुलग्यांच्या हातात. मुली सुबक काम करतात म्हणून त्यांना बाकावर बसवायचे आणि मोजमाप, उड्डाण, वादविवाद मैदानावर मुलग्यांनी करायचे, हे मला मान्य नाही. ज्या मुलीने रॉकेट बनवले, तिनेच बाटलीवर पाय मारावा. ते का कोसळले याचा निवाडाही तिनेच करावा. आपल्या शाळांतल्या कितीतरी मुलींना दहावीनंतर विज्ञान शाखा मिळेल की नाही हे घरची माणसे ठरवतात. “मला विज्ञान घ्यायचे आहे,” असे अब्बा-अम्मींना सांगायला तोंडात शब्द हवे असतात. मैदानावर स्वतः मोजलेले आकडे हातात असले तर ते शब्द लवकर सुचतात, असे मी पाहिले आहे.

मैदानावरचे नियम थोडे आहेत, पण ते पाळावेच लागतात. पाईपच्या तोंडावर कोणीही वाकू नये. रॉकेट माणसाच्या किंवा जनावराच्या दिशेने सोडू नये. टोक अणकुचीदार करू नये. विजेच्या तारांजवळ उडवू नये, आणि रॉकेट छपरावर अडकले तर ते तेथेच राहू द्यावे. कागद आहे, दुसरे बनेल.

येत्या १५ ऑक्टोबरला भाषणे जरूर करा. फक्त त्या दिवशी फळ्याचे दोन भाग पाडा. एका बाजूला भाषणातल्या विजेत्यांची नावे लिहा, दुसऱ्या बाजूला उड्डाणांचा तक्ता : कोणाचे रॉकेट, पंख किती, तोंडात वजन किती, कोन किती, उंची किती. जी रॉकेटे उडालीच नाहीत तीही तक्त्यात घ्या आणि पुढे कारण लिहा. कारण सापडले नसेल तर ती जागा मोकळी सोडा, कोणीतरी मधल्या सुट्टीत येऊन ती भरील. उड्डाणे मात्र सकाळच्या पहिल्या दोन तासिकांत उरका. दुपारी वारा सुटला की कोनमापक धरणाऱ्याची फार पळापळ होते.